क्वेबेकची भाषा आणि शाळेचें दार

कॅनडा देशांत फ्रेंच बोलणारे आणि इंग्रजी बोलणारे गोरे लोक भाषेवरून भांडतात, तर त्यांत आमच्या कुणब्या-सुताराच्या घरीं वाचून दाखविण्यासारखें काय आहे, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, तें भांडण पोथ्यापुस्तकांच्या भाषेचें नाहीं. कोर्टाचा कागद कोणाला वाचतां येतो, कारखान्यांतल्या मुकादमापुढें कोणत्या भाषेंत तोंड उघडावें लागतें, आणि सहा वर्षांच्या पोराला शाळेंत पहिल्या दिवशीं मास्तराचें बोलणें कळतें कीं नाहीं, याचें तें भांडण आहे. अडीचशें वर्षांहून अधिक काळ तें चाललें आहे. शिवाय त्यांत ज्यानें मार खाल्ला त्याच्याच हातीं पुढें काठी आली, आणि ती त्यानें कशी चालविली हेंही पाहण्याजोगें आहे. म्हणून ही हकीकत जरा मुळापासून सांगतों.

१७५९ सालीं इंग्रजांनीं क्वेबेक शहर जिंकलें आणि १७६३ च्या तहानें सेंट लॉरेन्स नदीकांठचा फ्रेंच मुलूख त्यांच्या पदरांत पडला. तेथील लोक बहुतेक शेतकरी. नदीला टेकलेले लांबट जमिनीचे पट्टे कसावे, जमीनदाराचा खंड भरावा, पाद्र्याचें ऐकावें, असा त्यांचा संसार. १७७४ सालीं इंग्रज पार्लमेंटनें एक कायदा करून त्यांचा धर्म आणि जमीनजुमल्याचा जुना फ्रेंच कायदा त्यांस परत दिला. यांत दयेपेक्षां हिशेब अधिक होता. दक्षिणेकडच्या वसाहती बिथरूं लागल्या होत्या. १८३७-३८ सालीं फ्रेंचांनीं बंड केलें, तें मोडलें, आणि चौकशीला आलेल्या लॉर्ड डरहॅमनें १८३९ च्या आपल्या रिपोर्टांत लिहून टाकलें कीं, या लोकांस ना इतिहास ना वाङ्मय, यांना इंग्रज करून सोडणें हेंच यांच्या हिताचें. त्याप्रमाणें १८४० च्या कायद्यानें कायदेमंडळाचें दप्तर केवळ इंग्रजींत ठेवण्याचें ठरलें. आठ वर्षांत तें कलम मागें घ्यावें लागलें. ज्याला इतिहास नाहीं म्हणून सांगितलें, तो माणूस आपली भाषा सोडावयास तयार नव्हता.

१८६७ सालीं चार प्रांत मिळून कॅनडाचें राज्य झालें. त्या कायद्याच्या १३३ व्या कलमानें कॅनडाच्या पार्लमेंटांत, क्वेबेकच्या कायदेमंडळांत आणि त्यांच्या कोर्टांत दोन्ही भाषा चालतील असें ठरलें. ९३ व्या कलमानें शाळांना संरक्षण दिलें, पण तें धर्माच्या शाळांना. कॅथलिकाला कॅथलिक शाळा, प्रॉटेस्टंटाला प्रॉटेस्टंट शाळा. त्या शाळेंत मास्तर कोणत्या भाषेंत बोलेल याविषयीं त्या कलमांत चकार शब्द नाहीं. वाचकांनीं ही फट ध्यानांत ठेवावी.

कागदावरच्या हक्काची पुढें काय गत होते तें मॅनिटोबा प्रांतांत पाहावें. तेथें फ्रेंच बाप आणि इंडियन आई यांच्या वंशाचे मेटी लोक राहत असत. आपल्या जमिनी जातील या भयानें त्यांनीं लुई रियेल याच्या पुढारीपणाखालीं उठाव केला, तेव्हां कुठें १८७० सालीं प्रांताचा कायदा झाला आणि त्याच्या २३ व्या कलमांत दोन्ही भाषांचा हक्क लिहून मिळाला. मग ऑन्टारिओकडून इंग्रजी बोलणारे वसाहतवाले येऊन बसले. डोकीं मोजलीं तेव्हां फ्रेंच कमी भरले. १८९० सालीं प्रांताच्या कायदेमंडळानें फ्रेंच भाषा सरकारी कामांतून साफ काढून टाकली. रियेलला त्यापूर्वीं पांच वर्षें, दुसऱ्या एका उठावाबद्दल, फांशीं दिलें होतें.

आतां गंमत ऐका. १८९२ सालीं तेथल्याच एका कोर्टानें सांगितलें कीं, १८९० चा हा कायदा करण्याचा प्रांताला अधिकारच नव्हता. १९०९ सालीं दुसऱ्यांदा तसाच निकाल झाला. सरकारनें दोन्ही निकाल कानाआड केले आणि कारभार इंग्रजींत जसाचा तसा चालविला. गरिबाच्या बाजूनें निकाल लागणें आणि तो अमलांत येणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. १९७६ सालीं सेंट बोनिफेस येथील जॉर्ज फॉरे या विमा-एजंटाला मोटार उभी करण्याचा नियम मोडल्याबद्दल पांच डॉलर दंडाची चिठ्ठी आली. चिठ्ठी नुसत्या इंग्रजींत होती. पांच डॉलर देऊन मोकळा झाला असता, पण तो गृहस्थ अडून बसला. तेवढ्या चिठ्ठीवरून खटला वर वर चढत गेला आणि १९७९ सालीं कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानें १८९० चा कायदा घटनाबाह्य ठरविला. पुढें १९८५ सालीं त्याच कोर्टानें सांगितलें कीं, मधल्या काळांत केवळ इंग्रजींत केलेले मॅनिटोबाचे सगळे कायदेच निरर्थक आहेत. मात्र प्रांतांत बेबंदशाही होऊं नये म्हणून भाषांतर होईपर्यंत ते चालूं समजावे. पंचाण्णव वर्षें एक सरकार बेकायदेशीर कायद्यांवर चाललें, आणि तितकीं वर्षें दंड मात्र नियमानें वसूल झाला!

आम्ही पेशानें शाळामास्तर. त्यामुळें आम्हांला याहून अधिक टोंचते ती ऑन्टारिओची हकीकत. १९१२ सालीं त्या प्रांताच्या शिक्षणखात्यानें 'नियम १७' काढला. फ्रेंच मुलांना पहिलीं दोन वर्षेंच फ्रेंचमधून शिकवावें, पुढें सारें इंग्रजींतून. आणि फ्रेंच हा विषय म्हणून शिकवावयाचा झाल्यास दिवसाकाठीं एक तास. ओटावा शहरांतल्या गीग शाळेंत बेआत्रिस आणि दियान देलोज या दोघी बहिणी शिक्षिका होत्या. त्यांनीं नियम न जुमानतां फ्रेंचमधून शिकविणें चालूं ठेवलें. १९१६ च्या जानेवारींत, तेथल्या हाडें गोठविणाऱ्या थंडींत, मुलांच्या आया शाळेच्या दाराशीं पहारा देऊं लागल्या. हातांत काय, तर टोपीला लावण्याच्या लांब टांचण्या आणि स्वयंपाकघरांतलीं लाटणीं-तवे. पोलीस आले तरी त्या हलल्या नाहींत. कायदेपंडित ज्याला अल्पसंख्याकांचा हक्क म्हणतात तो त्या बायांनीं लाटण्यानें राखला.

याच भांडणाचा निकाल शेवटीं लंडनला प्रीव्ही कौन्सिलपुढें गेला. आमच्या मुंबई हायकोर्टाच्या निकालावरचीं अपिलें ज्या कचेरींत जात, तीच ही कचेरी. कॅनडाचा आणि हिंदुस्थानचा तिच्याशीं संबंध एकाच वर्षीं, १९४९ सालीं, तुटला. १९१६ च्या नोव्हेंबरांत तिनें निवाडा दिला कीं, ९३ वें कलम धर्माचें रक्षण करतें, भाषेचें नाहीं. वर सांगितलेली फट ती हीच. नियम १७ कायदेशीर ठरला. आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. फ्रेंच शाळांवर तुटून पडणाऱ्यांत आयरिश वंशाचे कॅथलिक बिशप फॅलन पुढें होते. धर्म एक, देऊळ एक, आणि ज्यांच्या वाडवडिलांची आयरिश भाषा इंग्रजी अमलांत मागें पडली त्यांतलेच हे! तरी स्वतःचा व्रण त्यांना आठवला नाहीं. १९२७ सालीं नियम सैल झाला, १९४४ सालीं आपोआप विझला, आणि २०१६ सालीं ऑन्टारिओच्या मुख्यप्रधानांनीं कायदेमंडळांत त्याबद्दल माफी मागितली. पहाऱ्यावरच्या त्या आयांपैकीं ती माफी ऐकावयास कोण उरलें असेल?

आतां खुद्द क्वेबेककडे वळूं. तेथें फ्रेंच बोलणारे बहुसंख्य. दर पांच माणसांत जवळजवळ चार. मग त्यांचें दुःख कशाचें? तर राज्य मतांनीं चालत होतें आणि गिरण्या पैशानें. माँट्रियल शहरांत पेढ्या, कारखाने, मोठीं दुकानें इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हातीं. मजूर फ्रेंच, मुकादम दोन्ही भाषा जाणणारा, मालक इंग्रज. १९६३ सालीं कॅनडा सरकारनें नेमलेल्या कमिशननें हिशेब मांडला तेव्हां दिसलें कीं, १९६१ सालीं क्वेबेकांतील चौदा वंशांच्या पुरुषांच्या मिळकतीची उतरंड लावली तर फ्रेंच बारावे येतात. आपल्याच घरांत बारावे! दोन्ही भाषा शिकलेल्या फ्रेंच माणसापेक्षां नुसती इंग्रजी येणारा इंग्रज अधिक मिळवीत होता. म्हणजे इंग्रजी शिकूनही गाडें अडलेलेंच. 'मेहनत करा, शिका, म्हणजे वर याल' असा उपदेश करणाऱ्यांनीं हा आंकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

परदेशांतून आलेल्या मजुरांनींही हें हेरलें. माँट्रियलच्या सेंट लेओनार वस्तींत इटालियन लोक पुष्कळ. पोटासाठीं देश सोडून आलेला गवंडी मुलाला कोणत्या शाळेंत घालील? जिकडे चार पैसे जास्त तिकडेच. १९७० च्या सुमारास अशा परभाषी घरांतलीं बहुतेक मुलें इंग्रजी शाळेंत जात होतीं. फ्रेंच घरांत पूर्वीं दहा-दहा लेंकरें असत, तीं आतां कमी झालीं होतीं. तेव्हां असेंच चाललें तर दोन पिढ्यांत माँट्रियल आपलें राहणार नाहीं असें भय फ्रेंचांस पडलें. सेंट लेओनारच्या शाळामंडळानें १९६८ सालीं इंग्रजीचे वर्ग बंद करण्याचें ठरविलें आणि १९६९ सालीं तेथें दंगल झाली. सरकारनें घाबरून त्याच वर्षीं आईबापांना वाटेल ती शाळा निवडण्याची मोकळीक दिली. १९७४ सालीं ती काढून लहान मुलांची परीक्षा घ्यावयाची ठरविली कीं, यांना इंग्रजी पुरेसें येतें काय? येत असेल तर इंग्रजी शाळा, नाहींतर फ्रेंच. सहा-सात वर्षांच्या पोराला परक्या माणसासमोर बसवून प्रश्न विचारले तर काय होतें तें आम्हीं आमच्या वर्गांत रोज पाहिलें आहे. घरीं पोपटासारखें बोलणारें मूल इन्स्पेक्टर आला कीं स्वतःचें नांव विसरतें. असल्या परीक्षेवर त्याच्या जन्माची वाट ठरवावयाची, ही अक्कल वर्ग कधीं न पाहिलेल्या माणसाची असली पाहिजे. फ्रेंच, इंग्रज, इटालियन, तिघेही त्या कायद्यावर चिडले आणि १९७६ च्या निवडणुकींत तें सरकार गेलें.

नव्या सरकारनें २६ ऑगस्ट १९७७ रोजीं जो कायदा पक्का केला तोच प्रसिद्ध 'कायदा १०१'. त्यांतला कामगारांचा भाग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. मालकानें कामगारांस लेखी सूचना द्यावयाच्या त्या फ्रेंचमध्यें. फ्रेंचखेरीज दुसरी भाषा येत नाहीं एवढ्याच कारणानें कोणाला कामावरून काढतां येणार नाहीं. कामाला खरोखर गरज नसतां दुसऱ्या भाषेची अट घालतां येणार नाहीं. पन्नास किंवा अधिक माणसें असलेल्या कारखान्यानें आपला कारभार फ्रेंचमध्यें चालूं आहे असा दाखला मिळवावा. हा न्याय होय, असें आम्ही स्वच्छ म्हणतों. ज्या मुलखांत ज्याचे हात राबतात त्याला त्याच्या भाषेंत हुकूम कळावा, यांत कोणावर जुलूम नाहीं. त्यावर मोठा आरडाओरडा झाला. सन लाइफ या विमाकंपनीनें १९७८ सालीं मुख्य कचेरी टोरोन्टोला नेण्याचें जाहीर केलें, आणि पुढच्या कांहीं वर्षांत इंग्रजी बोलणारे हजारों लोक प्रांत सोडून गेले. सगळेच कांहीं मालक नव्हते. त्यांत नर्सा होत्या, मास्तर होते, तरुण पोरें होतीं. त्यांची हकीकतही लिहून ठेविली पाहिजे.

शाळेच्या बाबतींत आम्ही जरा अडखळतों. कायद्यानें म्हटलें कीं, ज्या मुलाच्या आईचें किंवा बापाचें प्राथमिक शिक्षण क्वेबेकांत इंग्रजींतून झालें असेल त्यालाच इंग्रजी शाळा. बाकी सर्वांना फ्रेंच. त्यामुळें परदेशी घरांतलीं मुलें फ्रेंच शाळेंत आलीं, आणि आज माँट्रियलांत त्यांतलीं कितीतरी घरची, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन भाषा बोलतात. हेतु सफळ झाला हें खरें. पण इटालियन गवंड्याला मोकळीक नाकारली, आणि श्रीमंत फ्रेंचाला आपल्या मुलास खाजगी इंग्रजी शाळेंत पैसे भरून घालण्याची वाट पुष्कळ वर्षें उघडी राहिली, हेंही खरें. इंग्रजी शिकला तर मुलाचें भलें होईल असें त्या गवंड्याला ज्या बाजारानें शिकविलें, तो बाजार सुधारणें हें कारखान्याच्या कलमांचें काम. मुलाला मात्र दोन्हीकडून ओढाताण सोसावी लागली.

पाट्यांच्या बाबतींत मात्र आमच्या मनांत शंका नाहीं. कायद्यानें दुकानाची पाटी केवळ फ्रेंचमध्यें लावण्याचा हुकूम केला. पॉइंट क्लेर गांवीं व्हॅलेरी फोर्ड नांवाच्या बाईंचें लोंकरीचें दुकान होतें. पाटीवर 'लोंकर' हा शब्द फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिलेला. एवढ्यावरून खटला. १९८८ सालीं सुप्रीम कोर्टानें सांगितलें, फ्रेंच अक्षर ठळक असावें असा नियम सरकारनें खुशाल करावा. पण दुसऱ्या भाषेचें अक्षर पुसून टाकणें हें बोलण्याच्या स्वातंत्र्याविरुद्ध आहे. हा निवाडा इतका सरळ होता कीं, त्यावर राग येण्याचें कारण नव्हतें. तरी सरकारनें घटनेच्या ३३ व्या कलमाचा आधार घेतला. हें कलम कांहीं मूलभूत हक्क पांच-पांच वर्षें बाजूस ठेवण्याची मुभा कायदेमंडळांस देतें. त्याच्या जोरावर बाहेरची पाटी पुन्हां केवळ फ्रेंच केली.

मग कांहीं इंग्रजी दुकानदार संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेले. १९९३ सालीं समितीनें म्हटलें कीं, बोलण्याच्या स्वातंत्र्याचा भंग झाला आहे. पण तुम्ही अल्पसंख्य म्हणून दाद मागाल तर तुम्ही अल्पसंख्य नव्हेच, कारण सबंध कॅनडांत इंग्रजी बोलणारे बहुसंख्य आहेत. या एका वाक्यांत साऱ्या भांडणाची गांठ आहे. क्वेबेकांतला इंग्रज प्रांतांत थोडा, देशांत फार. क्वेबेकांतला फ्रेंच प्रांतांत फार, देशांत शंभरांत एकवीस-बावीस, आणि सबंध उत्तर अमेरिकेंत मुठीएवढा. दोघेही आपणांस थोडे समजतात, आणि दोघांचेंही खोटें नाहीं. त्याच वर्षीं क्वेबेकनें कायदा बदलला: फ्रेंच ठळक, बाकीच्या भाषांना मज्जाव नाहीं. कोर्टानें सुचविलेली वाट पांच वर्षें भांडून मग धरली.

१९८२ सालीं कॅनडाच्या घटनेंत नवीं कलमें आलीं. त्यांतल्या २३ व्या कलमानें १८६७ ची जुनी फट शेवटीं बुजविली: जेथें फ्रेंच किंवा इंग्रजी बोलणारे थोडे असतील तेथेंही, मुलांची संख्या पुरेशी असल्यास, त्यांच्या भाषेंतली शाळा सरकारी खर्चानें द्यावी. ३३ व्या कलमाची पळवाट याला लागूं पडत नाहीं. या कलमावर क्वेबेकबाहेरच्या फ्रेंच आईबापांनीं एकामागून एक खटले जिंकले. १९९० सालीं आल्बर्टा प्रांताच्या खटल्यांत कोर्टानें सांगितलें कीं, नुसती शाळा पुरे नाहीं, तिच्या कारभारांतही आईबापांचा हात पाहिजे. २००० सालीं प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या सरकारनें मुलांना दूरच्या फ्रेंच शाळेंत बसनें पाठवूं म्हटलें, तें कोर्टानें मानलें नाहीं. शाळा त्यांच्याच गांवांत झाली पाहिजे.

अशा लढ्यांत क्वेबेक सरकार आपल्या भाषेच्या भावंडांच्या पाठीशीं उभें राहिलें असेल असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं. २०१५ सालीं युकॉन या उत्तरेच्या मुलखांतील फ्रेंच शाळामंडळ सुप्रीम कोर्टांत अधिक अधिकार मागत होतें, तेव्हां क्वेबेक सरकार त्याच्या विरुद्ध बाजूनें बोललें. कारण इतकेंच कीं, तेथें फ्रेंच थोड्यांना जें मिळेल तेंच उद्यां क्वेबेकांतले इंग्रज थोडे मागतील. सत्तेची खुर्ची माणसाला किती लवकर हिशेबी करते! ज्यांच्या आयांनीं लाटणीं घेऊन शाळा राखली त्यांच्या नातवंडांविरुद्ध फ्रेंच सरकारचा वकील उभा राहिला.

या दोघांच्या भांडणांत तिसरा मनुष्य मात्र कोणाच्या ध्यानींमनीं नसतो. तो म्हणजे इंग्रज-फ्रेंचांच्या आधींपासून त्या भूमीवर असलेला. इंडियन, इनुइट आणि मेटी मुलांना आईबापांपासून तोडून वसतिगृहाच्या शाळांत कोंडण्याचा परिपाठ कॅनडांत शंभराहून अधिक वर्षें चालला. तेथें आपली भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. सरकारनें २००८ सालीं त्याची माफी मागितली. त्यांतल्या पुष्कळ शाळा कॅथलिकांच्या ओब्लेट पंथानें चालविल्या. आणि याच पंथाच्या लोकांनीं १९१३ सालीं ओटावांत नियम १७ शीं झगडण्यासाठीं एक फ्रेंच वर्तमानपत्र काढलें होतें. त्याचें नांव 'ल द्रुआ', म्हणजे हक्क. एका हातानें आपल्या मुलांच्या भाषेचा हक्क मागावा आणि दुसऱ्या हातानें दुसऱ्याच्या मुलाच्या तोंडांतली भाषा काढून घ्यावी, हें एकाच पंथाला एकाच काळीं कसें जमलें, याचा विचार आम्ही पुष्कळ केला. त्या मुलांची भाषा ही भाषाच आहे असें त्यांना वाटलें नसावें.

माँट्रियलसमोर नदीच्या पैलतीरीं काहनावाके हें मोहॉक लोकांचें गांव आहे. १९७७ च्या कायद्याच्या प्रस्तावनेंत मूळच्या लोकांचा आपली भाषा जतन करण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि त्यांच्या राखीव गांवांस कायदा लागूं नाहीं असेंही आंत लिहिलें आहे. परंतु मोहॉक मुलें गांवाबाहेरच्या इंग्रजी हायस्कुलांत जात असत, आणि तेथें शिकावयाचें तर प्रांताच्या सरकारकडून पात्रतेचा कागद आणणें आलें. आपल्या मुलानें कोणत्या भाषेंत शिकावें याची परवानगी फ्रेंच सरकारकडे कां मागावी, असें म्हणून १९७८ च्या सप्टेंबरांत मुलें शाळेंतून उठून चालतीं झालीं, आणि गांवानें आपली शाळा काढली. तिच्या नांवाचाच अर्थ 'तगून राहण्याची शाळा' असा आहे.

२०२२ सालीं क्वेबेकनें 'कायदा ९६' करून १०१ ची मूठ आणखी आवळली. दाखल्याची अट पंचवीस माणसांच्या कारखान्यापर्यंत खालीं आणली, नव्यानें आलेल्या परदेशी माणसाशीं सहा महिन्यांनंतर सरकारी कचेऱ्यांनीं, कांहीं बाबी सोडून, फ्रेंचमध्येंच बोलावें असें ठरविलें, इंग्रजी कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांवर फ्रेंचचे जादा अभ्यासक्रम घातले, आणि ३३ व्या कलमाचें कुंपण पहिल्या दिवसापासून सभोंवतीं घातलें, म्हणजे कोणी कोर्टांत जाऊंच नये. मूळच्या लोकांच्या पुढाऱ्यांनीं आपल्या मुलांना यांतून वगळावें अशी मागणी केली. त्यांतल्या पुष्कळांची घरची भाषा आधींच हिरावली गेली, तिच्या जागीं इंग्रजी लादली गेली, आणि आतां कॉलेजचें शिक्षण पुरें करण्यासाठीं तिसरी भाषा पुढें उभी आहे. मागणी मान्य न होतां कायदा मंजूर झाला. ती मान्य व्हावयास पाहिजे होती, असें आमचें मत आहे. फ्रेंच भाषेला धोका त्या थोड्या हजार मुलांपासून नाहीं; आणि १८३९ सालीं डरहॅमनें काय लिहिलें होतें तें क्वेबेकच्या शाळांत अजून शिकवितात.